खाडीत उतरणाऱ्या विषाचा जमाखर्च: ठाणे खाडीसाठी संगणकी मॉडेल, पायरी पायरीने

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, शिरवणे. पारसिकच्या डोंगरातून निघालेले नाले नवी मुंबईच्या या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातून जातात, मग वस्ती ओलांडतात आणि काही किलोमीटरांतच ठाणे खाडीत उतरतात. त्याच खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ७० पेक्षा जास्त गुणांच्या अतिप्रदूषित यादीत नवी मुंबई होती. या सगळ्या गोष्टी एकाच पाण्याच्या आहेत. म्हणून या पाण्यात एखादं रसायन पडलं तर ते कुठे जातं, किती दिवस राहतं आणि कुणाच्या पोटात जातं, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या बाटल्या भरून हे कळत नाही. एका बाटलीत एका जागेचं, एका क्षणाचं पाणी असतं. मधल्या जागा आणि मधला काळ भरून काढायला मॉडेल लागतं. मॉडेल म्हणजे जमाखर्चाची वही: प्रत्येक तुकड्यात रसायन आलं किती, गेलं किती, नष्ट झालं किती, उरलं किती. पर्यावरणशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणारी मुलं, खाडीकाठचे मच्छीमार, सोसायटीतले जागरूक रहिवासी, कुणालाही सुरुवात करता येईल अशा बेताने पुढचं लिहिलं आहे. लॅपटॉप, स्प्रेडशीट आणि बारावीचं गणित पुरतं.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

"खाडीचं पाणी विषारी आहे का?" या प्रश्नाला कोणतंही मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. प्रश्नात रसायन, जागा, काळ आणि कुणासाठी, या चारही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ: "जानेवारीत, भांगाच्या भरतीच्या दिवसांत, अमुक नाल्याच्या तोंडापासून दोन किलोमीटरच्या आत पाण्यात विरघळलेलं फिनॉल माशांना बाधेल इतकं असतं का?" (भांगाची भरती म्हणजे अष्टमीच्या आसपासची, कमी चढणारी भरती.) हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढे कोणती माहिती गोळा करायची आणि कोणती सोडायची, हे त्यावरूनच ठरतं. माझ्या विद्यार्थ्यांचे अर्धवट राहिलेले प्रकल्प आठवले तर बहुतेकांमध्ये हीच पायरी गाळलेली होती.

नाला चालून बघा

उपग्रहाच्या नकाशावर नाला निळ्या रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो मध्येच झाकलेला असतो, कुठे पाइप येऊन मिळतो, कुठे रंग बदलतो. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत चाला, फोनवर प्रत्येक तोंडाचं स्थान नोंदवा. रुंदी टेपने मोजा, खोली काठीने. वेगासाठी एक संत्रं दहा मीटर वाहू द्या आणि वेळ घ्या. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह.

हातमोजे आणि गमबूट घाला, एकटे जाऊ नका, वास उग्र असेल तर वाकून बघू नका. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं, तेव्हा काठावरच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पाण्यातलं विष हवेतूनही माणसापर्यंत पोचतं.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते: धारण तलाव. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शहरात शिरू नये आणि पावसाचं पाणी साठावं, यासाठी सिडकोने ते बांधले. ओहोटीला त्यांतलं पाणी खाडीत जातं. तुमचा नाला अशा तलावातून जात असेल तर तो खाडीत सतत वाहत नाही. तो दिवसातून दोनदा, ओहोटीच्या काही तासांत, धक्क्याने रिकामा होतो. मॉडेलमध्ये सरासरी प्रवाह भरला तर ही गोष्ट पूर्ण हरवते आणि तोंडाशी येणारी खरी शिखरं दिसतच नाहीत. शिवाय तलावाच्या तळाशी साठलेला गाळ हा स्वतःच एक साठा आहे. त्याला वहीत वेगळं पान द्या.

भरतीची वेळ पाळा

काही वर्षांपूर्वी आम्ही एका हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला सहा रविवार नमुने घेतले. दुपारी बाराच्या सुमारास सगळ्यांना सोयीचं पडायचं. त्यांतले तीन रविवार नेमके अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे होते. त्या दिवसांचे निकाल इतके स्वच्छ आले की मॉडेलशी कशाचाच मेळ बसेना. मी मॉडेलचे आकडे बदलत बसलो. शेवटी काठावर जाळं दुरुस्त करणाऱ्या एका कोळी काकांनी सांगितलं, "मास्तर, भरतीचं पाणी दर्याचं. नाल्याचं बघायचं तर सुकतीला या." सुकती म्हणजे ओहोटी. चूक माझी होती. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपासच असते. आम्ही नाल्याचं पाणी म्हणून समुद्राचं पाणी भरून आणत होतो.

कोकणपट्टीत जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं. नेमक्या वेळा आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकात अपोलो बंदरासाठी मिळतात. खाडीत वर ठाण्याकडे भरती थोडी उशिरा पोचते, तो फरक स्वतः काठावर पट्टी रोवून मोजा. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या, दोन्ही दिवसांचे नमुने हवेत, आणि प्रत्येक वेळी भरतीचा माथा आणि ओहोटीचा तळ असे दोन. शक्य असेल तर एकदा तरी चोवीस तास, दर दोन तासांनी. रात्रीचं पाणी दिवसासारखंच असतं असं गृहीत धरू नका.

बाटल्यांचं तंत्र थोडक्यात: धातूंसाठी प्लास्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. फिनॉलसारख्या सेंद्रिय रसायनांसाठी गडद काचेची बाटली, बर्फात. धातूंचा एक नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आणि एक न गाळता घ्या, आणि आम्ल गाळल्यानंतरच घाला. हा जोड नमुना पुढे फार उपयोगी पडतो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी. अहवालात "आढळले नाही" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शून्य नाही, यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली इतकाच. ती मर्यादा किती होती, हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्या आणि हिशेब दोनदा करा: एकदा शून्य धरून, एकदा ती मर्यादाच धरून.

रसायनाची कुंडली मांडा

कोणत्या प्रकारचे कारखाने आहेत त्यावरून रसायनांची यादी करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय जल संनियंत्रण कार्यक्रमातले आकडे प्रसिद्ध करतं. कारखान्यांच्या संमतिपत्रांत किती सांडपाणी सोडायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. जे संकेतस्थळावर नसेल ते माहितीच्या अधिकारात मागता येतं.

मग प्रत्येक सेंद्रिय रसायनाचे चार गुण शोधा: पाण्यात किती विरघळतं, हवेत किती उडतं, चरबी आणि पाणी यांत कुठे जास्त रमतं, आणि जिवाणू ते किती वेगाने खातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ईपीआय स्वीट (EPI Suite) हे फुकट सॉफ्टवेअर रेणूच्या रचनेवरून यांचे अंदाज देतं. त्याच संस्थेच्या कॉम्पटॉक्स फलकावर मोजलेले आकडे असतील तर अंदाजाऐवजी तेच घ्या. ईपीआय स्वीट धातूंसाठी चालत नाही. पाण्यात विद्युतभारित होणाऱ्या रसायनांसाठी आणि साबणासारख्या पृष्ठसक्रिय पदार्थांसाठीही त्यावर विसंबू नये.

या गुणांमधला तिसरा सर्वांत बोलका आहे. त्याला ऑक्टेनॉल-पाणी गुणोत्तर म्हणतात आणि तो लॉगमध्ये लिहितात. फिनॉलचा सुमारे १.५, बेंझिनचा २.१, नॅप्थलीनचा ३.३, तर जळक्या तेलात आणि डांबरात असणाऱ्या बेंझो-पायरीनचा ६.१ च्या आसपास. लॉग असल्यामुळे फिनॉल आणि बेंझो-पायरीन यांच्यात हजारो पटींचा फरक आहे. पहिलं पाण्याबरोबर जातं, दुसरं चिखलाला आणि माशाच्या चरबीला चिकटतं. बेंझिन तिसऱ्याच वाटेने, हवेत निघून जातं.

अमोनियाचं प्रकरण वेगळं आहे. एकूण अमोनियापैकी माशाला मारणारा भाग म्हणजे भाररहित अमोनिया, आणि तो पीएचवर अवलंबून असतो. २८ अंश सेल्सिअसला, गोड्या पाण्यात, पीएच ७.५ असेल तर तो सुमारे २ टक्के असतो. पीएच ८.५ झाला की १८ टक्के. प्रयोगशाळेचा एकूण अमोनियाचा आकडा तोच राहतो आणि विष आठपट होतं. म्हणून पीएच आणि तापमान काठावरच मोजायचं, बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन्ही बदलतात.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत हिशेब करा

ही पायरी मी कुणालाही चुकवू देत नाही. खालचे आकडे हिशेब समजण्यापुरते, कल्पित आहेत.

समजा नाल्यात रोज ५,००० घनमीटर औद्योगिक सांडपाणी येतं, म्हणजे सेकंदाला ५८ लिटर. त्यात फिनॉल लिटरला ५ मिलिग्रॅम. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत समुद्रकिनारी सोडायच्या सांडपाण्यासाठी हीच कमाल मर्यादा आहे, नदी-नाल्यासाठी ती १ आहे. जानेवारीत नाल्यात वरून सेकंदाला २०० लिटर फिनॉलविरहित पाणी येतं. मिसळल्यावर:

(५८ × ५ + २०० × ०) ÷ २५८ = १.१२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता हे पाणी ३ किलोमीटर वाहणार, वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर. लागणारा वेळ १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं, म्हणजे ०.१३९ दिवस. जिवाणू फिनॉल खातात त्याचा दर दिवसाला ०.५ धरू. उरलेला वाटा काढायला स्प्रेडशीटमधलं घातांकाचं फंक्शन वापरा आणि त्यात उणे (०.५ × ०.१३९) घाला. उत्तर ०.९३. म्हणजे खाडीच्या तोंडाशी १.०५ मिलिग्रॅम.

इथे थांबून बघा. दर अर्ध्यावर आणला किंवा दुप्पट केला तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही, कारण नाला आखूड आहे. गंगा-गोदावरीसारख्या लांब नद्यांवर चालणारं "वाहता वाहता पाणी शुद्ध होतं" हे गृहीतक आपल्या नाल्यांना लागू नाही. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीसाठी प्राणवायूचं समीकरण मांडलं, तिथे पाणी दिवसच्या दिवस वाहत होतं. आपल्याकडे ते तासांत खाडी गाठतं. पावसाळ्यात नाल्याचा प्रवाह सेकंदाला ५,००० लिटर झाला तर मिसळल्यावरचं प्रमाण १.१२ वरून ०.०६ वर येतं. म्हणूनच फक्त जुलै-ऑगस्टचे नमुने दाखवून कुणी निश्चिंत राहायला सांगत असेल तर जानेवारी ते मेचे आकडे मागा.

आता खाडी. नाल्याच्या तोंडाजवळचा ४ किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद तुकडा घ्या. ओहोटीला सरासरी खोली २ मीटर, म्हणजे ४० लाख घनमीटर पाणी. भांगाच्या भरतीत पातळी दीड मीटर चढते, म्हणजे ३० लाख घनमीटर भर, एकूण ७० लाख. दर भरती-ओहोटीला ३० लाख आत, ३० लाख बाहेर. वरवर बघता २९ तासांत पाणी बदललं असं वाटतं. पण ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत येतं. ठाण्याच्या बाजूला खाडी अरुंद होत जाते आणि उल्हास नदीच्या खाडीशी असलेला तिचा दुवा फार बारीक आहे, त्यामुळे पाणी झोपाळ्यासारखं पुढे-मागे होतं. समजा ८० टक्के परत येतं. मग खरा मुक्काम (१२.४२ म्हणजे दोन भरत्यांमधले १२ तास २५ मिनिटं):

७० × १२.४२ ÷ (०.२ × ३०) = १४५ तास, म्हणजे सहा दिवस.

उधाणाला पातळी ४ मीटर चढली तर तोच मुक्काम सुमारे चार दिवस. २९ तास आणि सहा दिवस यांत पाचपट फरक आहे, आणि तो त्या ८० टक्क्यांच्या एका आकड्याने पडला. खाडीच्या मॉडेलमध्ये सर्वांत जपून ठरवायचा आकडा हाच.

रोज २५ किलो फिनॉल येतंय (५,००० घनमीटर × लिटरला ५ मिलिग्रॅम; नाल्यातली किरकोळ घट सोडून दिली). बाहेर जाण्याचा दर दिवसाला १ ÷ ६.०४, म्हणजे ०.१६६, आणि जिवाणूंचा ०.५. स्थिर झाल्यावर तुकड्यात साठा २५ ÷ ०.६६६, म्हणजे साडेसदतीस किलो. ७० लाख घनमीटरमध्ये तो लिटरला ५.४ मायक्रोग्रॅम होतो. जिवाणूंचा दर शून्य धरला तर २२ मायक्रोग्रॅम. नाल्यात बिनमहत्त्वाचा ठरलेला दर खाडीत निर्णायक झाला. पुस्तकांतले दर बहुधा प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातले असतात. खाडीच्या वरच्या भागात प्राणवायू कमी असेल तर जिवाणू मंदावतात. दर निम्मा धरला तर ८.६.

चिखलाचं पान

ठाणे खाडीचं पाणी गढूळ आहे. ओहोटीला निवटे (चिखलात राहणारे मासे) चिखलावर उड्या मारताना दिसतात, फ्लेमिंगो चोच घालतात तीही त्याच चिखलात. शिसं किंवा बेंझो-पायरीन यांच्यासाठी पाण्यापेक्षा हा चिखलच मुख्य घर आहे.

विरघळलेला वाटा काढायचं सूत्र सोपं आहे: १ ÷ (१ + चिकटण्याचा गुणांक × गाळ). गुणांक लिटर प्रति किलोमध्ये आणि गाळ किलो प्रति लिटरमध्ये. शिशाचा गुणांक १,००,००० धरू, पाण्यात गाळ लिटरला २०० मिलिग्रॅम. गुणाकार २०, म्हणून विरघळलेला वाटा १ ÷ २१, जेमतेम ५ टक्के. बाकी ९५ टक्के गाळाच्या कणांवर. गाळून आणि न गाळता घेतलेला जोड नमुना इथे कामाला येतो: दोन आकड्यांच्या फरकावरून हा गुणांक तुमच्या खाडीसाठी तुम्हालाच काढता येतो. उसना आकडा वापरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

सेंद्रिय रसायनांसाठी ऑक्टेनॉल-पाणी गुणोत्तराला ०.४१ ने आणि गाळातल्या सेंद्रिय कार्बनच्या अंशाने गुणा. कार्बन २ टक्के धरला तर नॅप्थलीनचा गुणांक १६ च्या आसपास येतो, म्हणजे ते जवळजवळ सगळं पाण्यात. बेंझो-पायरीनचा ११,०००, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त गाळावर.

धातू कधी नष्ट होत नाहीत, फक्त रूप आणि जागा बदलतात. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात विरघळून दूर जातं आणि जास्त घातक आहे, तीन संयुजेचं बहुधा गाळाला धरून बसतं. म्हणून "एकूण क्रोमियम" हा एकच आकडा मिळाला तर समाधान मानू नका. कॅडमियमचं वागणं खाडीत उलटं होतं: नाल्यात ते कणांना चिकटून येतं आणि खारं पाणी लागताच क्लोराइडशी जोडी जमवून परत विरघळतं. गोड्या पाण्याचा गुणांक खाडीला लावला तर कॅडमियमचा हिशेब नेमका जिथे गरज आहे तिथे चुकतो. ही रूपांतरं मोजायला अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं फ्रीक-सी हे फुकट सॉफ्टवेअर आहे.

आज सगळे नाले बंद केले तरी तळाचा चिखल पुढे अनेक वर्षं पाण्यात थोडं थोडं सोडत राहील. पुलाचे खांब रोवताना, गाळ उपसताना तो ढवळला जातो. मॉडेलमध्ये तळाचा निदान एक थर, पाच-दहा सेंटिमीटरचा, ठेवाच.

आता सॉफ्टवेअर निवडा

वर केलेला हिशेब स्प्रेडशीटमध्ये पाच-सहा तुकड्यांसाठी मांडला तर बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. त्यापुढे जायचं असेल तर माझी पहिली पसंती वास्पला. हेही अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, फुकट, आठवी आवृत्ती. ते तुकड्यातुकड्यांचीच पद्धत वापरतं आणि विषारी रसायनं, गाळ, तळाचे थर यांची सोय त्यात आहे. क्वाल-टू-के शिकायला सोपं आहे, पण ते एका दिशेने वाहणाऱ्या नदीसाठी आहे आणि भरती-ओहोटी त्याला कळत नाही. खाडीसाठी ते वापरलेलं दिसलं की मी तो अहवाल पुढे वाचत नाही. पाण्याची हालचालच बारकाईने हवी असेल तर नेदरलँड्सचं डेल्फ्ट-थ्रीडी आहे. त्याला खोलीचे नकाशे, वारा, सीमेवरची पातळी असं बरंच खाद्य लागतं आणि शिकायला महिने जातात. मासे-चिंबोऱ्यांच्या अंगात काय साठतं यासाठी अ‍ॅक्वाटॉक्स.

मोठं मॉडेल म्हणजे अचूक मॉडेल, असा समज करून घेऊ नका. हाताशी वीस नमुने असतील तर दहा हजार चौकोनांचं मॉडेल सुंदर रंगीत नकाशे देईल, पण त्यांतलं बहुतेक सगळं तुमच्या गृहीतकांचंच चित्र असेल.

आधी मीठ जुळवा, मग विष

मॉडेल खऱ्या खाडीसारखं वागतं का, हे फिनॉलवर तपासू नका. मिठावर तपासा. मीठ उडत नाही, जिवाणू खात नाहीत, गाळाला चिकटत नाही. ते फक्त पाण्याबरोबर हलतं. क्षारता मोजायचं हातातलं यंत्र स्वस्त असतं आणि दिवसात शंभर वाचनं घेता येतात. वाशी पुलापासून कळव्यापर्यंत क्षारता कशी बदलते ते भरतीला आणि ओहोटीला मोजा. मग मॉडेलमधला तो परत येणाऱ्या पाण्याचा आकडा, ७० टक्के, ८०, ९०, असा बदलत क्षारता जुळेपर्यंत जा. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी जवळपास नसतं आणि क्षारता सगळीकडे सारखी होत जाते. त्यामुळे हे काम पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तम होतं.

मीठ जुळलं की पाण्याची हालचाल पक्की झाली. तिला पुन्हा हात लावायचा नाही. आता रसायनाचे नमुने घ्या आणि त्यांचे दोन गट करा. एका गटावरून ऱ्हासाचा दर आणि चिकटण्याचा गुणांक जुळवा. दुसरा गट बाजूला ठेवा आणि शेवटी त्याच्याशी ताडून बघा. सगळे नमुने जुळवण्यातच वापरले तर मॉडेल फक्त झालेलं सांगेल, न मोजलेल्या ठिकाणाबद्दल त्यावर विश्वास कसा ठेवणार? विषारी रसायनांच्या बाबतीत अंदाज आणि मोजमाप दुप्पट-निमपटीच्या आत आले तरी मी ते चांगलं मानतो.

मग प्रत्येक आकडा एकेक करून निम्मा आणि दुप्पट करा आणि उत्तर किती हलतं ते लिहा. जो आकडा उत्तर सर्वांत जास्त हलवतो, पुढचे पैसे त्याच्या मोजमापावर खर्च करायचे. नंतर स्प्रेडशीटमध्ये हजार ओळी करा, प्रत्येक ओळीत सगळे आकडे त्यांच्या शक्य पल्ल्यातून यादृच्छिक उचला, उत्तरं चढत्या क्रमाने लावा. ५०० व्या आणि ९५० व्या ओळीतलं उत्तर, दोन्ही अहवालात द्या.

किती म्हणजे बाधक?

इथे चुकीची पट्टी लावण्याची चूक सर्रास होते. भारतीय मानक १०५०० हे पिण्याच्या पाण्यासाठी आहे: शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. सांडपाण्याची मानकं पाइपच्या तोंडासाठी आहेत: समुद्रात सोडायच्या पाण्यात शिसं २, नदी-नाल्यात ०.१. म्हणजे समुद्राची मुभा वीसपट. सांडपाणी मानकात बसतं म्हणून खाडीतला मासा सुरक्षित, असा अर्थ यातून निघत नाही. पाण्यात राहणाऱ्या जिवांसाठी वेगळा हिशेब करावा लागतो.

तो असा. इकोटॉक्स या खुल्या माहितीसाठ्यातून शेवाळ, कवचधारी आणि मासे, तिन्ही गटांवरच्या चाचण्या काढा. अर्धे प्राणी मरतील किंवा शेवाळाची वाढ निम्म्यावर येईल अशी सर्वांत कमी मात्रा घ्या. तीव्र, म्हणजे थोड्या काळात होणाऱ्या विषबाधेच्या तीनच चाचण्या हाताशी असतील तर युरोपीय पद्धतीत गोड्या पाण्यासाठी तिला १,००० ने आणि समुद्रासाठी १०,००० ने भागतात. समजा ती मात्रा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. गोड्या पाण्याच्या पट्टीने सुरक्षित पातळी १० मायक्रोग्रॅम, समुद्राच्या पट्टीने १. आपल्या उदाहरणात खाडीत ५.४ होतं. पाण्यातलं प्रमाण भागिले सुरक्षित पातळी म्हणजे धोक्याचं गुणोत्तर: एका पट्टीने ०.५४, दुसरीने ५.४. एक म्हणजे काळजीची रेघ. ऋतूनुसार गोड्या-खाऱ्याच्या मधे झुलणाऱ्या खाडीला मी दोन्ही गुणोत्तरं देतो आणि निर्णय कडक पट्टीने घेतो. खाडीवर कोलंबी आणि चिंबोऱ्या पकडून घर चालवणाऱ्यांच्या बाबतीत सैल पट्टी लावायचा मला अधिकार नाही.

अनेक रसायनं एकत्र असतील तर त्यांची गुणोत्तरं बेरजेने मांडा. प्रत्येकाचं ०.३ असलेली पाच रसायनं मिळून १.५ होतात, एकेकटं बघितलं तर सगळी निर्दोष दिसतात.

मासे खाण्यासाठी सुरक्षित आहेत का, हा निर्णय मात्र मॉडेलवरून कधीही देऊ नका. त्यासाठी माशाचं मांसच तपासावं लागतं.

निकाल कसा सांगायचा

एक पान मराठीत, सुरुवातीला ठरवलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर पल्ल्यात: "भांगाच्या दिवसांत बहुधा ५ ते ९ मायक्रोग्रॅम, वाईटात वाईट स्थितीत २२." खाली गृहीतकांची यादी, नमुन्यांच्या तारखा, तिथी, भरतीची वेळ. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला देताना सोबत स्प्रेडशीट जोडा, म्हणजे कुणालाही आकडा तपासता येईल. कोळीवाड्यात सांगताना नकाशावर बोट ठेवून सांगा: इथे पाणी सहा दिवस मुक्काम करतं. त्यांना ती जागा आधीच माहीत असेल आणि तुमची चूक असेल तर तीही तिथेच कळेल.

हजार ओळींच्या त्या तक्त्यातून एक गोष्ट आणखी काढा. खाडीच्या कोणत्या तुकड्यात उत्तरांचा पल्ला सर्वांत रुंद आहे ते बघा. मॉडेलला सर्वांत कमी कळतं ते तिथे. पुढच्या अष्टमी-नवमीला, दुपारच्या ओहोटीच्या शेवटच्या तासात, त्या जागी दोन बाटल्या भरायच्या: एक गाळून, एक न गाळता.